काटा हलला नाही, म्हणजे काय?

पुस्तकांचे परीक्षण आपण नेहमीच वाचतो. या वेळी आम्ही एका कागदाचे परीक्षण करणार आहोत. हा कागद पुनावळ्यातील एका प्रयोगशाळेत, हायड्रोजनच्या नव्या नळीशेजारी, प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून भिंतीला लावलेला होता. हिवाळ्यात आम्ही काही शिक्षक ती प्रयोगशाळा पाहायला गेलो, तेव्हा तो आम्हांला कौतुकाने दाखवण्यात आला. त्यावर एवढेच लिहिले होते : ‘नायट्रोजन भरून लाइन १० किलोला धरली. सकाळी ८ ते दुपारी २. काटा हलला नाही. गळती नाही. टेस्ट ओके.’

आधी गुण पाहू. चाचणी हायड्रोजनने न करता नायट्रोजनने केली, हे उत्तम. न जळणाऱ्या वायूने आधी सांधे पारखावेत आणि मगच जळणारा वायू सोडावा, हा पहिला नियम आहे. दाब लिहिला आहे, वेळ लिहिली आहे. पुष्कळ ठिकाणी एवढेही आढळत नाही.

आता दोष. सर्वांत मोठा दोष अकरावीचा विद्यार्थीही दाखवू शकेल. कागदावर तापमान नाही.

बंद नळीतील वायूचा दाब केल्व्हिनमधील तापमानाच्या प्रमाणात बदलतो, हे आपण फळ्यावर दरवर्षी लिहितो. पुण्याकडील हिवाळ्यात सकाळी ८ वाजता १५ आणि दुपारी २ वाजता ३० अंश सेल्सिअस ही काही नवलाची गोष्ट नाही. म्हणजे २८८ केल्व्हिनपासून ३०३ केल्व्हिनपर्यंत वाढ झाली. मापकावर १० किलो, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला १० किलो. त्यात वातावरणाचा सुमारे १ मिळवला, की खरा दाब ११. नळी घट्ट असती, तर दुपारी तो ११ गुणिले ३०३ भागिले २८८, म्हणजे सुमारे ११.६ व्हायला हवा होता. मापकाचा काटा १०.६ च्या जवळ जायला हवा होता. तो जर १० वरच राहिला असेल, तर सुमारे ५ टक्के वायू कोठेतरी गेला. ‘काटा हलला नाही’ हा गळती नसल्याचा पुरावा म्हणून लिहिला आहे. तोच गळतीचा पुरावा ठरू शकतो!

‘ठरू शकतो’ असे आम्ही जपून म्हणतो. खोली वातानुकूलित असेल, तर काटा स्थिर राहणे योग्यच. मापकाचा पल्ला २५० किलोपर्यंतचा असेल, तर अर्ध्या किलोचा फरक डोळ्यांना दिसणारच नाही. पण यातले काहीच कागदावर नाही. म्हणून कागद खोटा आहे असे नव्हे. त्यावरून काहीच ठरत नाही, एवढेच.

कोणी म्हणेल, ५ टक्क्यांनी काय होते? हिशेब करू. २० मीटर लांबीची, आतून ६ मिलिमीटर व्यासाची नळी घेतली, तर तिचे घनफळ सुमारे ५६५ मिलिलिटर. ११ पट दाबाला त्यात साध्या दाबाचा ६ लिटरभर वायू मावतो. त्याचे ५ टक्के म्हणजे ६ तासांत पाव लिटरहून थोडा अधिक. दिवसाला सव्वा लिटर. हा झाला नायट्रोजन. हायड्रोजनचा रेणू हलका आणि त्याची श्यानताही कमी, त्यामुळे त्याच फटीतून तो दुपटीपासून पावणेचौपटीपर्यंत वेगाने निसटेल. म्हणजे दिवसाला अडीच ते साडेचार लिटर.

उघड्या खिडकीच्या खोलीत हे क्षुल्लक आहे. पण सांधा हवाबंद कपाटात किंवा खोट्या छताच्या पोकळीत असेल, तर? हवेत हायड्रोजन ४ टक्के झाला, की मिश्रण पेट घेऊ शकते. ही मर्यादा थेट ७५ टक्क्यांपर्यंत जाते. ४०० लिटरच्या कपाटात ४ टक्के म्हणजे १६ लिटर. दिवाळीच्या सुटीचा एक आठवडा त्याला पुरेल. सुटीनंतर कपाटाजवळ दिव्याचे बटण दाबण्याची ठिणगीही पुष्कळ होईल, कारण योग्य प्रमाणातील मिश्रणाला पेटायला मिलिज्यूलच्या पन्नासाव्या भागाएवढी ऊर्जा पुरते.

कागदाचा दुसरा दोष ‘गळती नाही’ या शब्दांचा आहे. कोणतेही मापन शून्य दाखवत नाही. ‘आमच्या उपकरणाला दिसेल इतकी नाही’ एवढेच सांगते. प्रत्येक सांध्याला साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहिले का, हेही कागद सांगत नाही. नळी रोज किती दाबाला चालणार, हे नसल्यामुळे १० किलो पुरेसे होते की कमी, हेही कळत नाही. वायूने चाचणी करताना सामान्यतः कमाल दाबाच्या १.१ पट दाब देतात. तोही टप्प्याटप्प्याने, कारण दाबलेला वायू, मग तो नायट्रोजन का असेना, सुटला तर इजा करतो.

तिसरा दोष मौनाचा आहे. चाचणीनंतर नळीतील हवा पूर्ण काढली का? पहिल्यांदा हायड्रोजन सोडताना नळीत हवा उरली असेल, तर स्फोटक मिश्रण नळीतच तयार होते. हवाई विद्यापीठात मार्च २०१६ मध्ये झालेल्या स्फोटात एका संशोधिकेने हात गमावला. तेथील टाकीत हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र होते. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत ५ डिसेंबर २०१८ रोजी झालेल्या स्फोटात एक संशोधक दगावले आणि तिघे जखमी झाले; त्यातही हायड्रोजनच्या सिलिंडरचा संबंध सांगितला गेला.

आपल्या परिसराला गॅसचे भय अनोळखी नाही. पुनावळ्याला लागून असलेल्या ताथवड्यात ऑक्टोबर २०२३ मध्ये टँकरमधून बेकायदा गॅस काढताना सिलिंडर फुटले आणि शाळेच्या बस जळाल्या. पण स्वयंपाकाच्या गॅसवरून शिकलेली सावधगिरी येथे जशीच्या तशी चालत नाही. तो गॅस जड, जमिनीलगत साचतो. हायड्रोजन छताला जाऊन बसतो, म्हणून झरोका आणि शोधकयंत्र वर हवे. त्या गॅसला मुद्दाम वास दिलेला असतो. प्रयोगशाळेतील हायड्रोजनला वास नाही. त्याची ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही.

दोष केवळ नळ बसवणाऱ्या कारागिराचा नाही. त्याने दाब धरला, वेळ लिहिली. पुढचे त्याला कोणी विचारले नाही. आपण वर्गात हायड्रोजन शिकवतो तो जस्त, विरल आम्ल आणि ‘फट्’ आवाज एवढाच. वायूचे नियम दुसऱ्या प्रकरणात, सुरक्षितता सूचनाफलकावर, आणि प्रयोगवहीत ‘निष्कर्ष’ आधीच ठरलेला. त्या कागदावर आम्हांला आमच्याच प्रयोगवह्यांची भाषा दिसली.

ऑगस्ट २०२२ मध्ये राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि हिंजवडीच्या केपीआयटी यांच्या सहकार्यातून झालेली हायड्रोजनवरील बस पुण्यात दाखवली गेली. आपले विद्यार्थी उद्या अशाच नळ्यांजवळ उभे राहणार आहेत. त्यांना हा कागद द्या आणि विचारा : यात कोणती नोंद हवी होती? सुरुवातीचे व शेवटचे तापमान, मापकाचा पल्ला, चाचणीचा व वापराचा दाब, तपासलेले सांधे, हवा काढल्याची नोंद आणि तपासणाऱ्याची सही. एवढे लिहिले, की कागद पुरावा होतो. नाहीतर तो भिंतीवरचा तोरणाचा कागद राहतो.

त्या दिवशी निघताना आम्ही तेथील मंडळींना तापमानाची गोष्ट सांगितली. त्यांनी पाकिटातून कागद काढला, आणि चाचणी पुन्हा घ्यायचे ठरले. या वेळी नळीशेजारी एक तापमापी टांगलेली असेल.