जात्याजवळचें काव्य

लिहावयास विषयच मिळत नाहीं, ही सुशिक्षितांची तक्रार आम्हांस पटत नाहीं. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) निरक्षर होत्या. तरी जातें, मोट, पेरणी, सुगरणीचा खोपा हेंच त्यांच्या काव्याचें भांडवल झालें. मात्र कष्टांतून काव्य आपोआप उपजतें, असें मानणें भोळेपणाचें होय. दळण घरोघरीं होत असे. त्या फिरत्या जात्याला जीवनाचा अर्थ विचारणारी दृष्टि विरळा. पण तेवढ्यानें तें काव्य टिकलें नसतें. पुत्र सोपानदेव यांनीं तें जपलें, आचार्य अत्रे यांनीं त्याची थोरवी ओळखिली, म्हणून १९५२ सालीं ‘बहिणाबाईची गाणी’ प्रसिद्ध झाली. स्फूर्ति स्वयंपाकघरांतही असते. उणीव असते ती ऐकणाऱ्या कानांची. आपल्या घरांतील वडीलधाऱ्या स्त्रियांचे बोल कोणी टिपीत आहे काय?