किल्पेकचा दरवाजा

वेल्सच्या सीमेलगत, इंग्लंडच्या हेरफर्डशायर परगण्यात किल्पेक नावाचं छोटं खेडं आहे. तिथलं सेंट मेरी आणि सेंट डेव्हिड यांचं चर्च ११४०च्या सुमाराचं. लांबट सभागृह, पुढे वेदीची जागा आणि टोकाला अर्धगोल गाभारा, एवढाच त्याचा पसारा. शेजारी नॉर्मन गढीचं टेकाड उरलं आहे. पण तांबूस वालुकाश्मातल्या दक्षिण दरवाजासमोर आलं की पाय तिथेच खिळतात.

कमानीखालच्या अर्धगोलात त्या काळी सहसा सिंहासनावरचा ख्रिस्त कोरत. इथे आहे एक वेल, द्राक्षांनी लगडलेली. दोन्ही बाजूंच्या खांबांवर सर्प सरपटतात, प्रत्येकाच्या तोंडात पुढच्याचं शेपूट. डावीकडच्या आतल्या खांबावर वेलीच्या वेटोळ्यांत दोन योद्धे अडकले आहेत. त्यांच्या विजारीच्या चुण्या अजून बोटाने मोजाव्यात इतक्या स्पष्ट आहेत. वेल त्यांना बांधते आहे की सावरते आहे, हे शिल्पकाराने सांगितलेलं नाही, आणि मला त्याचं हे न सांगणंच फार आवडतं. प्रेषितही या चर्चमध्ये आहेत. ते आत, वेदीपुढच्या कमानीला, एकावर एक असे उभे आहेत. दारातला मान मात्र वेलींना, पक्ष्यांना आणि सर्पांना मिळाला.

छपराच्या कडेखाली भिंतीतून पुढे आलेले ८५ कोरीव दगड शिल्लक आहेत. त्यांत कुत्रा आणि ससा शेजारी शेजारी बसलेले दिसतात. शिकारी आणि सावज, पण एकालाही दुसऱ्याचं भय नाही. कुठे वाद्य वाजवणारा माणूस, कुठे डुक्कर, कुठे क्रूस घेतलेलं कोकरू. दोन्ही हातांनी योनी उघडून दाखवणारी ‘शीला-ना-गिग’ही आहे. तिच्या अर्थावर अभ्यासकांचं एकमत नाही. माझ्या मते किल्पेकच्या शिल्पकाराचं मोठेपण यातच आहे की, कोकरू आणि ससा कोरताना त्याची छिन्नी सारख्याच निष्ठेने चालली. पवित्र आणि किरकोळ अशी वाटणी त्याने केलीच नाही.

याच शैलीच्या कारागिरांनी जवळच्या शॉबडन गावातलं चर्चही घडवलं होतं. त्याचा आश्रयदाता ऑलिव्हर द मर्लिमंड स्पेनमधल्या सांतियागोची यात्रा करून आलेला. अठराव्या शतकात ते चर्च पाडलं आणि त्याच्या कोरीव कमानी शोभेसाठी टेकडीवर उघड्यावर उभारल्या. ऊनपावसाने तिथलं कोरीवकाम पार झिजून गेलं. किल्पेकचा दगड चिवट निघाला, शिवाय दरवाजावर बराच काळ लाकडी पडवीची सावलीही होती. कधी हेरफर्डला गेलात, तर आधी तिथलं भव्य कॅथीड्रल पाहा आणि मग वाट वाकडी करून किल्पेकला जा. दरवाजासमोर घाई करू नका. चर्चला एक पूर्ण प्रदक्षिणा घाला, मान वर करून.