महसूल म्हणजे पीक?

विद्यापीठात अरबी शिकणाऱ्या मराठी मुलाच्या हाती माधव जूलियनांचा 'फार्शी-मराठी कोश' (१९२५) पडतो. काम मोठंच आहे. अरबी शब्द आपल्याकडे बहुतेक फार्शीतूनच आले, म्हणून उपयोगीही. पण अरबी शिकायला तो पुरत नाही. तहसील, महसूल, हासील हे शब्द वर्णक्रमात लांब लांब जातात. अरबीत मात्र तिन्हींचा धातू एकच, ह-स-ल, म्हणजे मिळणं. ही घडण वर्गातच शिकवावी लागते.

अर्थाचंही तसंच. इथं पणदऱ्यात महसूल म्हणजे शेतसारा. आजच्या अरबीत शेतातलं पीक. खरीप तिथं शरद ऋतू, रब्बी वसंत. आपण त्या ऋतूंत निघणाऱ्या पिकांना ती नावं दिली. तेव्हा शब्द ओळखीचा वाटला, तरी अर्थ पुन्हा विचारून घ्या.