पल्लांगुळी आणि खेळांची प्रतवारी

एकट्याचे, कोड्याचे आणि कुटुंबाचे अशी संगणकीय खेळांची प्रतवारी शिफारशींतून रूढ झाली आहे. तंजावरकडील कावेरीकाठच्या गावांना परिचित असलेली पल्लांगुळी या प्रतवारीत बसत नाही. सात-सात खळग्यांच्या दोन ओळी आणि मूठभर चिंचोके वा कवड्या, एवढेच तिचे साहित्य. एका खळग्यातील चिंचोके उचलून पुढील खळग्यांत एकेक टाकीत जावयाचे. एखाद्यात चार जमले की ती 'पशु', म्हणजे गाय. पेरणीचे आणि गोधनाचे हे रूपक भातशेतीच्या मुलखात कोणास उलगडून सांगावे लागत नाही. दोघींचा हा पट एकटीलाही मांडता येतो. त्या प्रकाराचे नाव 'सीतै पांडी'. अशोकवनात सीता तो खेळे, अशी लोकसमजूत आहे. केवळ नावाने येथे एकान्ताला विरहाचा अर्थ प्राप्त होतो. खेळाडूंची संख्या मोजणाऱ्या शिफारशीला तो कसा दिसावा? भ्रमणध्वनीवरील ज्या आवृत्तीत चिंचोके यंत्रच वाटते, तिच्यात नियम शाबूत राहतात हे खरे. परंतु मूठ कोठे रिती होईल हा बोटांनी बांधावयाचा अंदाज नाहीसा होतो. कोड्याची सारी गोडी त्या अंदाजातच होती. अशा आवृत्तीस कौटुंबिक खेळ म्हणणे धाडसाचे आहे.