पाठ झालेल्या व्याख्या

तालुक्याच्या गावी शिकवणाऱ्या माझ्या परिचयाच्या एका बाईंनी सहामाही परीक्षेचा निकाल मला पाहायला पाठवला. तक्ता स्प्रेडशीटमध्ये होता, नीटनेटका होता. एका मुलाचे गणिताचे गुण दुरुस्त केले, तर त्याची बेरीज जिथल्या तिथेच! बाईंनी सर्व बेरजा कॅल्क्युलेटरवर करून एकेका घरात टाइप केल्या होत्या. संगणकाची परीक्षा त्या चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाल्या आहेत. स्प्रेडशीट म्हणजे काय असे विचारताच त्यांनी उत्तर दिले, "आडव्या ओळी व उभे स्तंभ असलेला इलेक्ट्रॉनिक तक्ता."

दोष बाईंचा नाही, व्याख्येचा आहे. नवशिक्यांच्या पुस्तिकांमध्ये जी शब्दसूची असते, तिच्यातली ही व्याख्या. या सूच्या थोडक्यात असतात, सोप्या मराठीत असतात आणि परीक्षेला उपयोगी पडतात. हे गुण मान्य करूनही त्यांच्यातील तीन उणिवा सांगायला हव्यात.

पहिली उणीव म्हणजे आद्याक्षरांची फोड करून थांबणे. 'रॅम म्हणजे रँडम अॅक्सेस मेमरी.' यातून नवे काय कळले? कॅसेटवरचे पाचवे गाणे ऐकायचे तर आधीच्या चार गाण्यांची फीत ओलांडावी लागते. रॅममध्ये कोणत्याही जागेवरची माहिती साधारण सारख्याच वेळात मिळते, म्हणून हे नाव. पण शिक्षकाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. वीज गेली की रॅम रिकामी होते. रॅम हे कामाचे टेबल आहे आणि हार्ड डिस्क हे कपाट. टेबलावरचे काम कपाटात ठेवणे म्हणजे 'सेव्ह' करणे. एवढे सांगितले तर तासभराची मेहनत वाया जाणार नाही.

दुसरी उणीव म्हणजे वस्तू काय करते ते न सांगता ती कशी दिसते ते सांगणे. ओळी आणि स्तंभ तर आपल्या हजेरीपटातही असतात! स्प्रेडशीटची कल्पना सुचली ती फळ्यावरून, हे शिक्षकांना नक्की आवडेल. हार्वर्डच्या व्यवस्थापन विद्यालयात शिकणाऱ्या डॅन ब्रिकलिन यांनी पाहिले, की फळ्यावरच्या तक्त्यातील एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले सगळे आकडे पुसून पुन्हा लिहावे लागतात. हे काम यंत्राने करावे या विचारातून त्यांनी बॉब फ्रँकस्टन यांच्यासह 'व्हिसिकॅल्क' तयार केले. ते १९७९ साली बाजारात आले. म्हणजे स्प्रेडशीट हा आपली बेरीज आपणच दुरुस्त करणारा फळा आहे. घरात उत्तर लिहायचे नसते, उत्तर काढण्याची रीत लिहायची असते. त्या रीतीलाच 'फॉर्म्युला' म्हणतात.

'इंटरनेट म्हणजे जगभर पसरलेले जाळे' ही व्याख्याही अशीच. इंटरनेट ही संगणकांची जाळी एकमेकांना जोडणारी व्यवस्था. 'वेब' ही तिच्यावर चालणारी एक सेवा. ती टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली सुचवली. संगणकांच्या जाळ्यावरून ई-मेल त्याच्या कितीतरी आधीपासून जात होती. रस्ता आणि त्यावरून धावणारी एस.टी. या दोन गोष्टी एकच नव्हेत.

तिसरी उणीव सर्वांत मोठी. शब्द कुठे अडवतो, हे सूची सांगत नाही. एका चाचणीत तीन मुलांना ६०, ७० आणि ८० गुण मिळाले आणि चौथा गैरहजर आहे. त्याचे घर कोरे ठेवले, तर 'अॅव्हरेज' ७० येते. तिथे शून्य लिहिले, तर ५२.५. संगणक दोन्ही वेळा बरोबर आहे, कारण कोरे घर तो मोजत नाही, शून्य मोजतो. कोणाचेही गुण '८० गुण' असे लिहिले, तर तो मजकूर ठरतो आणि 'सम' वापरून केलेल्या बेरजेतून गुपचूप वगळला जातो. सूचीत 'सेल म्हणजे ओळ व स्तंभ यांच्या छेदातील चौकोन' एवढेच असते. चौकोनात संख्या आहे, मजकूर आहे की काहीच नाही, यावर निकाल बदलतो हे कोण सांगणार?

अशा अज्ञानाची किंमत मोठी असू शकते. कोविडच्या साथीत, २०२० सालच्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, इंग्लंडमध्ये १५,८४१ बाधितांची नोंद दैनंदिन आकडेवारीतून सुटली. माहिती एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलमध्ये भरली जात होती. त्या प्रकारात ६५,५३६ पेक्षा जास्त ओळी मावत नाहीत, नव्या प्रकारात १०,४८,५७६ मावतात. जागा संपल्यावर उरलेल्या नोंदी गळाल्या आणि त्या रुग्णांच्या संपर्कातील लोकांचा शोध घ्यायला उशीर झाला. 'फाइल फॉरमॅट म्हणजे फाइल साठवण्याची पद्धत' ही व्याख्या तिथे कोणाला पाठ नव्हती असे थोडेच आहे!

मग सूची कशी असावी? प्रत्येक शब्दापुढे तीन प्रश्नांची उत्तरे असावीत. ही वस्तू काय करते? ती नसती तर काय अडले असते? ती कुठे फसवते? अशी सूची लांब होईल हे खरे. म्हणून शब्द पन्नासऐवजी पंधराच घ्यावेत.

अशी पुस्तिका मिळेपर्यंत वर्गात एक प्रयोग करता येईल. वरच्या चार मुलांचे गुण संगणकावर भरा. आधी चौथे घर कोरे ठेवा, नंतर तिथे शून्य लिहा. सरासरी का बदलली, हे मुलांनाच विचारा. त्यांनी दिलेले उत्तर वहीत 'सेल' या शब्दापुढे त्यांच्याच भाषेत लिहून घ्या.