दाहसूचक प्रथिनांचे मापन : एलायझा किटच्या आकड्यांची चिकित्सा

प्रस्तावना

दाह ही शरीराची संरक्षक प्रतिक्रिया होय. पूर्वी लाली, सूज, उष्णता व वेदना या लक्षणांवरून ती ओळखली जाई. आज ती आकड्यांत मांडली जाते. सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन म्हणजेच सीआरपी, इंटरल्युकिन-६, टीएनएफ-अल्फा इत्यादी प्रथिने मोजणारी तयार किट उपलब्ध झाल्यामुळे महाविद्यालयीन प्रयोगशाळेलाही या क्षेत्रात संशोधन करणे शक्य झाले आहे. ही बाब निश्चितच स्वागतार्ह आहे. तथापि साधन सुलभ झाले म्हणून निष्कर्ष विश्वसनीय ठरतोच असे नाही. किटमधून मिळणारा आकडा हा प्रथिनाचे प्रत्यक्ष दर्शन नसून रंगाच्या तीव्रतेवरून काढलेले अनुमान असते. या अनुमानाच्या मर्यादांची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पद्धतीची पार्श्वभूमी

इ.स. १९३० मध्ये विल्यम टिलेट व थॉमस फ्रान्सिस यांना न्यूमोनियाच्या रुग्णांच्या सीरममध्ये न्यूमोकोकस जीवाणूच्या ‘सी’ बहुशर्करेशी संयोग पावून साका तयार करणारा घटक आढळला. तोच पुढे सीआरपी म्हणून ओळखला गेला. रोझलिन यॅलो व सॉलोमन बर्सन यांनी इन्शुलिनच्या मापनासाठी किरणोत्सारी प्रतिरक्षा-मापन पद्धत विकसित केली. तिच्यासाठी यॅलो यांना १९७७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. १९७१ मध्ये एव्हा एंगव्हाल व पीटर पर्लमन यांनी किरणोत्सारी खुणेऐवजी विकराची योजना करून एलायझा पद्धत मांडली. १९७५ मध्ये कोहलर व मिलस्टीन यांनी एकक्लोनी प्रतिपिंडांचे तंत्र दिले आणि आजच्या किटचा पाया घातला गेला.

सँडविच प्रकारच्या एलायझात एक प्रतिपिंड प्लेटच्या तळाशी प्रथिनाला पकडतो, तर विकराशी जोडलेला दुसरा प्रतिपिंड त्याची उपस्थिती रंगाद्वारे दर्शवितो. ज्ञात मानकांच्या वक्राशी हा रंग ताडून पाहिला की प्रमाण निघते.

मर्यादांचे स्वरूप

पहिला प्रश्न मानकाचा आहे. सीआरपीच्या मापनाला आंतरराष्ट्रीय संदर्भ-पदार्थाचा आधार आहे. सायटोकाइनच्या संशोधन-किटमध्ये मात्र मानक व प्रतिपिंड उत्पादकागणिक बदलतात. म्हणून दोन वेगळ्या किटवरील इंटरल्युकिन-६ चे आकडे थेट शेजारी मांडून तुलना करणे अशास्त्रीय ठरते.

दुसरा प्रश्न नमुन्याचा. सीआरपी मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये मोजले जाते, तर निरोगी व्यक्तीत इंटरल्युकिन-६ अवघे काही पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर असते. या दोन एककांमध्ये दहा लाख पटींचे अंतर आहे. इतक्या अल्प प्रमाणात नमुना हाताळण्यातील लहानसा दोषही मोठा ठरतो. रक्त गोठताना पेशींमधून काही प्रथिने बाहेर पडतात. त्यामुळे सीरम व प्लाझ्मा यांतील मूल्ये एकसारखी असतीलच असे नाही. नमुना विलगीकरणास लागलेला वेळ आणि त्याचे वारंवार गोठवणे-वितळवणे यांचाही परिणाम संभवतो.

तिसरा प्रश्न सर्वाधिक गंभीर आहे. संधिवाताच्या अनेक रुग्णांत आढळणारा र्‍हुमॅटॉइड फॅक्टर किटमधील दोन्ही प्रतिपिंडांना परस्परांशी जोडू शकतो. अशा वेळी प्रथिन नसतानाही रंग उमटतो. संधिवाताचे रुग्ण व निरोगी व्यक्ती यांची तुलना करणाऱ्या अभ्यासात ही खोटी वाढ प्रामुख्याने रुग्णगटात दिसेल. येथे संख्याशास्त्रीय चाचणी फरक लक्षणीय ठरवील. पण तो फरक दाहाचा की पद्धतीचा, हे ती सांगू शकणार नाही. नमुना निम्मा विरल केल्यावर मोजलेले मूल्यही निम्मे येते का, हे पाहणे हा यावरील साधा व अल्पखर्चिक उपाय होय.

चौथा प्रश्न अर्थनिर्णयनाचा. टोसिलिझुमॅब हे औषध इंटरल्युकिन-६ च्या ग्राहींना अडवते. परिणामी त्या ग्राहींद्वारे होणारा इंटरल्युकिन-६ चा निचरा मंदावतो व औषधानंतर रक्तातील त्याचे प्रमाण वाढते. ही वाढ आजार बळावल्याची खूण मानणे चुकीचे आहे. कोविड-१९ च्या काळात याच औषधाची चाचणी घेणाऱ्या ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ अभ्यासाचे फलित २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात ४,११६ रुग्ण होते. रुग्णनिवडीसाठी ऑक्सिजनच्या कमतरतेबरोबर सीआरपी किमान ७५ मिलिग्रॅम प्रति लिटर असणे हा निकष होता. इंटरल्युकिन-६ चे मूल्य हा निकष नव्हता. अठ्ठावीस दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण औषध दिलेल्या गटात ३१ टक्के, तर नेहमीच्या उपचारांच्या गटात ३५ टक्के होते. औषध ज्या रेणूच्या कार्याला रोखते, त्याच रेणूचे मापन रुग्णनिवडीसाठी आवश्यक असते असे नाही, हे यातून स्पष्ट होते.

महाविद्यालयीन संशोधनाचा संदर्भ

एका प्लेटमध्ये ९६ कूपिका असतात. आठ मानके दुहेरी घेतल्यास १६ कूपिका जातात; उरलेल्या ८० मध्ये दुहेरी पद्धतीने केवळ ४० नमुने बसतात. नियंत्रण-नमुने घेतल्यास ही संख्या आणखी घटते. अनुदान तुटपुंजे असले की दुहेरी मापन टाळून ८० नमुने बसविण्याचा मोह होतो. त्यामुळे नमुनासंख्या भारदस्त दिसते. परंतु कूपिकेतील चूक ओळखण्याचा मार्गच बंद होतो. अशा वेळी चाळीस नमुन्यांचा मर्यादित पण तपासता येण्याजोगा अभ्यास अधिक मोलाचा मानला पाहिजे.

निष्कर्ष

किट वापरणे हा दोष नाही. माहितीपत्रकातील दावे स्वतः न पडताळता गृहीत धरणे हा दोष आहे. किटचा प्रकार व लॉट क्रमांक, नमुन्याचे स्वरूप व साठवण, दुहेरी मापनांतील तफावत, विरलन-परीक्षा आणि मापनमर्यादेखालील मूल्यांची हाताळणी यांची नोंद प्रत्येक शोधनिबंधात असावयास हवी. मार्गदर्शक व परीक्षक या दोन्ही भूमिका बहुधा प्राध्यापकच बजावतात. त्यांनी निष्कर्षांच्या तक्त्याआधी या नोंदींची विचारणा केली, तर किटच्या आकड्याला पुराव्याचे मूल्य प्राप्त होईल.