चार्ल्स कोरिया यांचा नगरविचार आणि कोकणी घर

चार्ल्स कोरिया (१९३०-२०१५) यांचा ‘द न्यू लँडस्केप’ हा छोटेखानी ग्रंथ १९८५ साली प्रसिद्ध झाला. ग्रंथकर्ते स्वतः वास्तुशिल्पी. १९६५ मध्ये प्रवीणा मेहता व शिरीष पटेल यांच्यासह त्यांनी ‘मार्ग’ नियतकालिकातून खाडीपलीकडे नवे शहर वसविण्याची कल्पना मांडली. पुढे १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाल्यावर ते त्या महामंडळाचे प्रमुख वास्तुशिल्पी होते. या विवेचनामागे प्रत्यक्ष कामाचा अनुभव आहे, हे पानोपानी जाणवते. तथापि ज्या स्थलांतरितासाठी हा सारा खटाटोप आहे, तो खेड, दापोली, चिपळूणकडून आलेला असेल, तर हा विचार कितपत टिकतो, याची तपासणी येथे करावयाची आहे.

कोरियांचे मुख्य प्रमेय असे. आपल्या हवामानात घर म्हणजे केवळ चार भिंतींची खोली नव्हे. खोलीइतकीच उघड्या आकाशाखालची जागाही घराचा भाग असते. तिच्या चार पायऱ्या ते कल्पितात : घराचे खासगी अंगण, उंबरठ्यापुढची शेजाराची जागा, सार्वजनिक नळ किंवा पाणवठा, आणि शेवटी मैदान. बहुमजली इमारती या पायऱ्या पुसून टाकतात. म्हणून बैठी पण दाट वस्ती अधिक मानवी आणि स्वस्तही, हा त्यांचा निष्कर्ष. नगररचनेच्या इंग्रजी परिभाषेत हे नवे वाटले, तरी अंगण, पडवी, ओटी, माजघर या क्रमात वाढलेल्या वाचकास ते घरचेच वाटेल. ही ओळख पटवून देणे हे ग्रंथाचे मोठे यश आहे.

परंतु याच ठिकाणी थोडे थांबले पाहिजे. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि तो बहुतांशी चार महिन्यांत. त्या काळात अंगण हे अंगण राहत नाही. पागोळ्यांखाली ते चिखल होते आणि सारे घर पडवीत येऊन बसते. पाऊस सरला की जमीन पुन्हा चोपावी लागते, शेणाने सारवावी लागते, वर मांडव घालावा लागतो, आणि मृगापूर्वी तो उतरवावा लागतो. म्हणजे कोकणी अंगण ही केवळ सोडलेली मोकळी जागा नसून दरवर्षी नव्याने घडवावी लागणारी वस्तू आहे. या घडणीचे श्रम, त्यांतही सारवणाचे, बहुधा स्त्रियांच्या वाट्याला येतात. कोरिया उघड्या जागेचा हिशेब चौरस मीटरांत करतात. श्रमाचा हिशेब त्यांच्या विवेचनात येत नाही.

बेलापूरची वसाहत (१९८३-८६) या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. सुमारे सहा हेक्टरांवर ५५० च्या आसपास कुटुंबे, सात-सात घरांचे पुंजके आणि प्रत्येक पुंजक्याच्या मध्ये सामायिक चौक, अशी तिची रचना. भिंती स्वतंत्र, त्यामुळे ज्याला जसे जमेल तसे त्याने घर वाढवावे, हा हेतू. घरे वाढली, पुष्कळ ठिकाणी तर मूळची पाडून मोठी उभी राहिली. यास काही टीकाकार योजनेचे अपयश म्हणतात. ते मला मान्य नाही, कारण वाढ ही योजनेतच गृहीत होती. चिंतेचा विषय चौकाचा आहे. घराचे मालक ठरले. पण सात घरांच्या चौकाची निगा कोणी व कोणत्या रिवाजाने राखावी, हे आराखडा ठरवू शकत नाही. वाडीत ते वाडीचा रिवाज ठरवीत असे. (त्या रिवाजात जातही होती, आणि पाणवठे सर्वांना खुले नव्हते, ग्रंथकर्त्यांच्या पाणवठ्याचे चित्र या बाबतीत फारच निष्पाप आहे.)

दुसरा आक्षेप अधिक मूलभूत आहे. स्थलांतरित शहरात घरासाठी नव्हे, कामासाठी येतो, हे कोरियांचे म्हणणे यथार्थ आहे. मात्र तो येऊन शहरवासी होतो, असे ते धरून चालतात. गिरणगावात गेलेला खेडचा माणूस असा एकपदरी नव्हता. तो गाववाल्यांच्या सामायिक खोलीत पाळीपाळीने झोपे, खाणावळीत जेवे, मनीऑर्डर गावी धाडी आणि गणपती-शिमग्याला परते. त्याचे घर एकच होते. त्याची खोली मुंबईत आणि अंगण खेडला. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला, तेव्हा असंख्य कुटुंबांना तगवले ते या दुसऱ्या टोकाने. ज्या नगरविचारात कुटुंब म्हणजे एका भूखंडावरील एक चूल, त्यात हे दोन टोकांचे घर बसत नाही.

जमिनीविषयीचे प्रकरण त्यामानाने एकांगी आहे. सार्वजनिक मालकीच्या जमिनीच्या वाढत्या किमतीतून नगराचा खर्च भागवावा, हे तत्त्व सुबक खरे. पण ती जमीन ९५ गावांची होती. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात गोळीबारात पाच आंदोलक शेतकरी मृत्यू पावले. त्यानंतर वर्षभराने निघालेल्या ग्रंथात या बाजूला अधिक जागा मिळावयास हवी होती. उलट राज्याचे सचिवालय नव्या शहरात न नेता शासनाने नरिमन पॉइंटच्या भरावाला पाठबळ दिले, यावरील त्यांचा रोष संपूर्णतया न्याय्य आहे. वाशीला रेल्वे पोहोचली ती १९९२ मध्ये, म्हणजे महामंडळ स्थापन झाल्यावर बावीस वर्षांनी. वाहतूक आधी व वस्ती मागाहून, हा त्यांचा आग्रह ऐकला गेला असता, तर पुष्कळ हाल टळते.

राहिला प्रश्न खुद्द खेडसारख्या गावांचा. जगबुडीकाठची बाजारपेठ २००५ आणि २०२१ च्या जुलैत पाण्याखाली गेली. महामार्ग, १९९८ मध्ये पूर्ण झालेली कोकण रेल्वे आणि लोट्याची औद्योगिक वसाहत यांनी वस्तीला भरणे नाक्याच्या बाजूला ओढ लावली आहे. महामंडळाजवळ हजारो हेक्टर जमीन होती. येथील नगरपरिषदेजवळ नदीकाठची सखल पट्टी आणि तीमागचे डोंगरउतार. बैठ्या, दाट वस्तीचे सूत्र येथे लावावयाचे, तर प्रथम पुराची रेषा आखावी लागेल, आणि मग त्या रेषेच्या आत वडिलोपार्जित दुकान असलेल्यास वरची जागा कोण व कोणत्या दराने देणार, हे ठरवावे लागेल.